शंभर वर्षांची तिहेरी उडी

मैदानी खेळांतील काही प्रकार असे आहेत, की ज्यांचे नियम परक्या देशांत घडले, परंतु ज्यांची चाल आपल्या अंगवळणी पडलेली असते. तिहेरी उडी हा त्यांपैकी एक होय. खेळाडू वेगाने धावत येतो, फळीवर एक पाय रोवून झेपावतो आणि त्याच पायावर उतरतो. ही झाली लंगडी. तेथून दुसऱ्या पायावर पडते ती ढांग, आणि अखेरीस दोन्ही पाय पुढे झोकून वाळूत घेतली जाते ती उडी. आपल्याकडे अंगणाअंगणांतून मुली पिढ्यान् पिढ्या लंगडी घालीत आल्या आहेत. तथापि लंगडीनेच आरंभ होणारा हा खेळ स्त्रीदेहाला झेपणार नाही, असे क्रीडाजगताच्या धुरीणांनी दीर्घकाळ गृहीत धरले होते.

१८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक सामने सुरू झाले. त्यांतील पहिला विजेता ठरला तो तिहेरी उडीतच. अमेरिकेच्या जेम्स कॉनोलीने १३.७१ मीटर अंतर तोडले. स्त्रियांना मात्र त्या मैदानावर प्रवेशच नव्हता. १९२८ साली उंच उडी आणि १९४८ साली लांब उडी त्यांच्या वाट्याला आली. तिहेरी उडीचे दार बंदच राहिले.

या नकारामागे केवळ दुष्टावा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ढांगेच्या क्षणी एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, ही गोष्ट खरी आहे. पण तो भार पुरुषाच्या पायावरही येतोच. पुरुषाच्या बाबतीत उत्तर शोधले गेले ते सरावात. स्त्रीच्या बाबतीत मात्र ते मनाईत शोधले गेले. अशा हादऱ्यांनी मातृत्वाला बाधा पोचेल, ही भीती वर्षानुवर्षे बोलून दाखविली जात होती. तिला प्रयोगाचा आधार नव्हता, कारण प्रयोगाची संधीच दिली गेली नव्हती.

तरीही कोणी कोणी उड्या घेतच होत्या. जपानच्या किनुए हितोमीने १९२६ साली ओसाका येथे ११.६२ मीटर तिहेरी उडी घेतली. हीच हितोमी १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर शर्यतीत दुसरी आली. त्या शर्यतीच्या शेवटी काही स्पर्धक थकून खाली बसल्या, याचा एवढा गवगवा झाला की ती शर्यतच स्त्रियांच्या कार्यक्रमातून काढून टाकण्यात आली. ती परत आली १९६० साली. हितोमी १९३१ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी वारली.

स्त्रियांच्या तिहेरी उडीचा जागतिक विक्रम अधिकृतपणे नोंदविला गेला तो १९९० साली. चीनच्या ली हुइरोंगने सप्पोरो येथे १४.५४ मीटर उडी घेतली होती. १९९३ मध्ये हा प्रकार जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आला आणि १९९६ च्या जुलैअखेर, अथेन्सनंतर बरोबर शंभर वर्षांनी, अटलांटा येथे ऑलिंपिकमध्ये. युक्रेनच्या इनेसा क्रावेट्सने १५.३३ मीटर उडी घेऊन पहिले सुवर्णपदक मिळविले.

त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच सिडनी येथे कुमारांची जागतिक स्पर्धा भरली. ही स्पर्धा १९८६ साली अथेन्स येथे सुरू झाली, तेव्हा मुलींच्या कार्यक्रमात तिहेरी उडी नव्हती. दहाच वर्षांनी सिडनीत बल्गेरियाची तेरेझा मारिनोव्हा धावपट्टीवर उभी राहिली. तिला एकोणिसावे वर्ष पूर्ण व्हायचे होते. तिने १४.६२ मीटर उडी घेतली. सहा वर्षांपूर्वी साऱ्या जगातील स्त्रियांचा जो उच्चांक होता, तो एका कुमारीने आपल्या वयोगटाच्या स्पर्धेत मागे टाकला. पंचवीस वर्षे उलटली, तरी तिचा हा कुमारी विक्रम मोडला गेला नव्हता.

या उडीचे मोल निव्वळ सेंटिमीटरांत मोजता येत नाही. क्रावेट्सची पिढी हा खेळ मान्य होण्याची वाट पाहत वाढली होती. मारिनोव्हाच्या पिढीला तो वयात येतानाच मोकळा सापडला. कोवळ्या वयात शास्त्रशुद्ध शिक्षण आणि स्पर्धा लाभली, म्हणजे सामर्थ्य किती लवकर फुलते, याचे उत्तर सिडनीच्या वाळूत उमटले. चार वर्षांनी त्याच शहरात भरलेल्या ऑलिंपिकमध्ये तिने १५.२० मीटर उडी घेऊन सुवर्णपदक जिंकले.

पुढे २०११ मध्ये केरळची मयूखा जॉनी चौदा मीटरांपलीकडे जाणारी पहिली भारतीय स्त्री ठरली आणि त्याच वर्षी तिने कोबे येथे १४.११ मीटर उडी घेतली. २०२१ साली हितोमीच्याच देशात, तोक्योच्या ऑलिंपिक मैदानावर, व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासने १५.६७ मीटर उडी घेतली. ओसाकाच्या त्या उडीहून ही चार मीटरांनी अधिक लांब होती. या चार मीटरांत स्त्रीचे शरीर बदलले नाही. बदलली ती तिला मिळालेली धावपट्टी.