घाटावरची मुशी

कुरुंदवाडला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे, पुराची सवय आहे, नदीचे मासे खाणारी घरं आहेत. शार्क मात्र आमच्याकडे आला तो झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला, फॉर्मलिनच्या पिंपातून. घाटावरच्या कितीतरी विद्यार्थ्यांची त्याच्याशी पहिली भेट अशीच झाली. कोकणात शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात, त्यातली चपट्या नाकाडाची, दीडेक हात लांबीची जात म्हणजे आमचा ‘स्कोलिओडॉन’.

तो अभ्यासक्रमात रुजला लखनौमुळे. इंग्रजी पुस्तकांत युरोपातला डॉगफिश असायचा. तो इथल्या मुलांना मिळणार कुठून? म्हणून लखनौच्या प्रा. कर्म नारायण बहल यांनी भारतीय प्राण्यांवर पुस्तिकांची मालिका काढली. १९२६ साली गांडूळ, १९२८ साली स्कोलिओडॉन. हा दुसरा ग्रंथ ई. एम. थिल्लयम्पलम या बाईंचा. समुद्रापासून इतक्या लांबच्या शहरातून एका बाईचा शार्कवरचा ग्रंथ निघाला, याचं मला फार मोल वाटतं.

प्रॅक्टिकलला शार्कचं डोकं ट्रेमध्ये पिनांनी टोचून, आतल्या नसा दिसाव्यात म्हणून कूर्चा हळूहळू तासायची. ओल्या खोबऱ्यासारखे तिचे पापुद्रे निघतात. घाई केली की पाचवी नस तुटलीच. नस मोकळी झाली की खाली काळा कागद सरकवायचा, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांना स्पष्ट दिसते. डोळे चुरचुरायचे, हाताचा वास जेवतानाही जायचा नाही.

एकदा एका मादीच्या पोटात बोटाएवढी पिल्लं निघाली, प्रत्येक नाळेने बांधलेलं. ही मुशी पिल्लांना नाळेतून पोसते. जन्मताना ती वीतभरही नसतात. जर्नलात मी नसांची आकृती काढली, पण डोक्यात पिल्लंच होती. ती जन्मतात कुठे, कुठल्या महिन्यात, जाळ्यात किती सापडतात? याची उत्तरं शोधत मी घाट उतरले.

उत्तरं बंदरावर असतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये ससून डॉकवर आठ फुटांहून मोठी शार्कची एक मादी उतरली. ती निघाली गंगा शार्क, दशकभर कुठेच नोंद न झालेली! मासळीच्या ढिगात ती ओळखणारं कुणी तिथे होतं, म्हणून कळलं.

इकडे कॉलेजांत मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलं. योग्यच केलं, आकृती पाठ करण्यापायी इतके जीव कापायची गरज नव्हती. पण घाटावरच्या मुलांची शार्कशी भेटच संपली, हेही खरं.

ती भेट आता बंदरावर घडवावी. कॉलेजच्या सहली गणपतीपुळ्याला जातातच. ती गाडी सकाळी रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावर थांबवावी. मुलांच्या हाती टेप आणि वही द्यावी. लांबी किती, पोटाखालच्या परांशी दोन कांड्या आहेत का, म्हणजे नर की मादी, हे नोंदवावं आणि विकणाऱ्या मावशींना विचारावं: मुशी आता पूर्वीइतकी येते का?