सातारा-सांगलीतील संगणक आणि नव्या डिस्कचा संथपणा

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून यंत्रविद्येचे शिक्षण देत असले, तरी या पट्ट्यातील गावांत संगणक पोहोचण्याचा ठळक टप्पा म्हणजे १९९८ चा वारणा प्रकल्प होय. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीची कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे त्यात संगणकांनी जोडण्यात आली. पुढील दशकात त्यांपैकी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशांचा प्रयोग झाला, आणि त्यामागे संगणकांच्या देखभालीचा खर्च हे एक कारण होते. २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाल्यावर तालुक्याच्या गावांत प्रशिक्षण केंद्रे निघाली व त्यांच्यामागोमाग दुरुस्तीची दुकाने वाढली. ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकणे’ हे त्या दुकानांचे नित्याचे काम झाले.

विंडोज एक्सपी टाकताना पडद्यावर ‘३९ मिनिटे’ असा अंदाज झळके आणि उपकरणे ओळखण्याच्या टप्प्यावर, म्हणजे ३४ मिनिटे उरलेली असताना, आकडा पुष्कळदा अडून बसे. भारनियमनाच्या काळात हा खोळंबा महाग पडे, कारण मध्येच वीज गेली की काम बहुधा पहिल्यापासून करावे लागे. संथपणाचे एक जुने कारण केबलमध्ये असे: डीएमए पद्धतीत डिस्क आपली माहिती परस्पर स्मृतीत पोहोचवते, परंतु खराब केबलमुळे सहा चुका मोजल्या गेल्या की एक्सपी पीआयओ या जुन्या पद्धतीवर उतरे आणि मग प्रत्येक तुकडा प्रक्रियकाला स्वतः वाहावा लागे.

खरा चकवा मात्र २०१० च्या सुमारास आला. डिस्कवरील माहितीचा सर्वांत लहान कप्पा, म्हणजे सेक्टर, तोवर ५१२ बाइटचा होता. उत्पादकांनी तो ४,०९६ बाइटचा, म्हणजे आठपट केला. एक्सपी पहिले विभाजन ६३व्या सेक्टरपासून आखत असल्याने, आणि ६३ ला आठाने भाग जात नसल्याने, विंडोजचा प्रत्येक कप्पा डिस्कच्या दोन कप्प्यांवर आडवा पडे. एक लिहिण्यासाठी दोन वाचून पुन्हा लिहावे लागत. परिणामी कोरी करकरीत डिस्क जुनीपेक्षा मंद भासे आणि गिऱ्हाइकाला माल खोटा असल्याचा संशय येई, जो बहुतेकदा निराधार असे. विंडोज व्हिस्टापासून विभाजन एक एमबी सोडून सुरू होऊ लागले व दोष मिटला. पण वेळ वाचवण्यासाठी जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल उतरवली, तर ती चुकीची आखणीही नव्या डिस्कवर येई.

एसएसडीत फिरती तबकडीच नसल्याने संथपणाचे मूळ आता अनेकदा डिस्कबाहेर सापडते. यूएसबी २.० ची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट, तर यूएसबी ३.० ची ५ गिगाबिट. त्यामुळे लॅपटॉपची डिस्क कितीही वेगवान असली, तरी जुना पेनड्राइव्ह लावला की माहिती त्या पेनड्राइव्हच्याच गतीने येते.