कुंपणाच्या बाहेरचे आम्ही

मंडळी, सोलापुरात कुणालाही ‘सेटलमेंट’ कुठे म्हणून विचारा, लगेच रस्ता सांगेल. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा आजही टपालाचा पत्ता आहे. यातलं ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे बरं का, तारेच्या कुंपणातून सुटलेल्यांची वस्ती.

कुंपण आलं कुठून? १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असा त्यामागचा युक्तिवाद. युरोपातलं त्या काळचं वंशशास्त्र आणि आपली जातव्यवस्था, दोघांनी एकमेकांना टाळी दिली म्हणा ना! १८९७ च्या दुरुस्तीनं तर चार वर्षांपासूनच्या मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याची सोय केली. १९११ नंतर मुंबई इलाख्यात वसाहती वाढल्या, त्यात सोलापूरची मोठी. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, मांग-गारुडी अशा जमातींची माणसं इथे आणली. हजेरी द्यायची, बाहेर जायला पास घ्यायचा. आणि काम? गिरण्यांत. सोलापुरी चादरीचं कौतुक करताना आम्ही हे सांगत नाही.

स्वातंत्र्य १९४७ चं. देशभरातला हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि पोलिसांची नजर होती तिथेच राहिली.

आता आमचा प्रश्न. आम्ही कुंपणाबाहेर वाढलो. घरात काही हरवलं की वडीलधारी माणसं सेटलमेंटचं नाव घेत, आणि आम्ही पोरं मान डोलवत असू. मग आम्ही दोषी का? जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याच देशबांधवांसमोर हा प्रश्न मांडला. कायद्यातला गुन्हा करणाऱ्यापुरता. राजकीय जबाबदारी मात्र सगळ्या नागरिकांची, असा भेद त्यांनी केला. आम्हाला तो इथे फार उपयोगी वाटतो. कारण बापाचा दोष मुलावर लादला, तर आम्ही त्या १८७१ च्या कायद्याचंच तर्कशास्त्र उचलतो! दोष वारशानं येत नाही. संशय मात्र येतो, स्वस्त मजुरीवर उभ्या राहिलेल्या शहराचा फायदाही येतो. त्याचा हिशेब कुणी द्यायचा?

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतली जातीवरची कामवाटणी रद्द केली, विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार समजणारे नियमही रद्द केले. म्हणजे कायदा जाऊन बहात्तर वर्षं झाली, तरी तुरुंगाच्या पुस्तकात तो जिवंत होता. आणि पुस्तकाबाहेर? ते तुम्हीच बघा.

आमच्या वर्गात या वस्तीतला एक मुलगा होता. नोकरीच्या अर्जावर तो मामाचा पत्ता घालायचा. आम्ही मोठ्या उदारपणे म्हटलं, ‘‘अरे, वस्तीचं नाव बदलायला अर्ज करू या.’’ तो म्हणाला, ‘‘सर, आजीला विचारून सांगतो.’’ आजी कुंपणातच जन्मलेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला : नाव राहू दे, पण आमची हजेरी घ्यायचे ती वही कुठे आहे, तेवढं सरांना विचार.

आम्ही ‘बघतो’ म्हणालो. ती वही आम्ही कधी शोधायला गेलो नाही.