अंगाकर रोटीचे तीन तुकडे

रायपुरात ‘बीटीआय’ म्हटलं की लोकांना शंकर नगरचं मैदान आठवतं, तिथले मेळे आणि प्रदर्शनं आठवतात. बेसिक ट्रेनिंग इन्स्टिट्यूट हे पूर्ण नाव आता क्वचितच कुणाच्या तोंडी येतं. त्यातला ‘बेसिक’ आला वर्ध्याहून. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद भरवली आणि हाताने काम करत शिकण्याचा विचार मांडला. वर्धा आणि रायपूर तेव्हा एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. प्रांताचे शिक्षणमंत्री होते रायपूरचेच रविशंकर शुक्ल. खेड्यांत शाळा काढण्याची त्यांची विद्यामंदिर योजना याच काळातली.

याच बीटीआय आवारात आज छत्तीसगडची एससीईआरटी, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद, आहे. तिथे भावी शिक्षकांना मोबाइलवरचे, मुलाने स्वतः हाताळायचे पाठ तयार करायला शिकवताना मला वर्ध्याचा तो विचार फार जवळचा वाटतो.

माझ्या लहानपणी मात्र पडदा नुसता बघायचा होता. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’चा, म्हणजे उपग्रहावरून टीव्हीने शिकवण्याचा, प्रयोग चालला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही पोचला. त्यात आमचा रायपूर जिल्हा होता, बिलासपूर आणि दुर्गही. प्रयोगाची सूत्रं होती कोल्हापूरच्या एकनाथ चिटणीसांकडे. बाबा प्राथमिक शिक्षक. आमच्या शाळेवर कोंबड्यांच्या जाळीसारखी तारेची मोठी छत्री बसली. सकाळी साडेबावीस मिनिटांचा मुलांचा कार्यक्रम लागायचा, हिंदीतून. घरी छत्तीसगढी बोलणारी माझ्या वर्गातली मुलं टक लावून बघायची. संच बंद झाला की बाबा विचारायचे, “काय दिसलं?” कितीतरी मुलं गप्प राहायची. पडद्याला उलट काही विचारता येत नव्हतं, आणि पडदाही त्यांना काही विचारत नव्हता.

त्याच प्रयोगात सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचं प्रशिक्षण मिळालं: टीव्हीवर पाठ, जोडीला रेडिओ, आणि स्वतः करून बघायचे प्रयोग. बाबा त्या प्रशिक्षणातून परतले ते बाटल्या, मेणबत्त्या, दोरे गोळा करत. माझ्या लेखी साइटचा सगळ्यात मोलाचा भाग तो होता.

पुढची वर्षं भराभर गेली. २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं, २००४ मध्ये शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह अवकाशात गेला, २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे डिजिटल व्यासपीठ आलं आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड उमटले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत छत्तीसगडचं ऑनलाइन शिक्षण ‘पढ़ई तुंहर दुआर’ सुरू झालं आणि साधे शिक्षकही स्वतःचे पाठ रेकॉर्ड करू लागले.

तरी ‘बनवणं’ म्हणजे काय, हे मला एका विद्यार्थिनीमुळे नीट उमगलं. तिने अपूर्णांकांवर एक पाठ केला होता. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? चुकीच्या उत्तरावर बोट ठेवलं की लाल फुली, बरोबर असलं की टाळ्या. मी विचारलं, “मूल एक चतुर्थांश का म्हणत असेल?” ती थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, “मॅडम, चार तिनापेक्षा मोठे म्हणून.”

आठवड्याने तिने पाठ पुन्हा दाखवला. फुली गेली होती. घरच्या अंगाकर रोट्यांचे फोटो होते, तांदळाच्या पिठाच्या, तव्याचे काळे डाग पडलेल्या, दोन्ही सारख्याच आकाराच्या. एका रोटीचे तीन तुकडे, दुसरीचे चार. उत्तर चुकलं की रोट्या समोर यायच्या, मुलाने बोटाने एकेक तुकडा उचलून दुसऱ्यावर ठेवायचा आणि मग पुन्हा उत्तर द्यायचं. मागून तिचाच आवाज: “बने देख, कोन कुटका बड़े हे?” नीट बघ, कोणता तुकडा मोठा आहे?

सरावपाठाच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. एका मुलाने तुकडा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला आणि शेजारच्याला म्हणाला, “पाच कुटका करबो त?”

त्या पाठात पाच तुकड्यांची रोटी नव्हती. ती विद्यार्थिनी त्याच संध्याकाळी घरी जाऊन आणखी एक भाजणार होती.