वार, माधुकरी आणि वसतिगृह

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घेणे हे त्याचे मुख्य कार्य. विद्यार्थ्याने कोठे राहावे, काय खावे, याची चिंता त्याने वाहिली नाही. शहरात घर असलेला मुलगा घरी राहून शिके. पुण्यास आलेला गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून, माधुकरी मागून दिवस काढी. परंतु खेड्यातील कुणब्याच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या घरातील मुलाने कोणाच्या दारी जावे? कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ साली मराठा व जैन, तर १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी राहिली. घरी राहावे की परगावी जावे, ही निवड त्या मुलांच्या वाट्यास आली, ती अशा छपरांमुळे.