अजगराला घर देताना

मीरा-भाईंदरच्या रहिवाशांची दोन प्रकारच्या अजगरांशी गाठ पडू शकते. पहिला इथलाच. काशीमिरा आणि घोडबंदरला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, त्यात भारतीय अजगर राहतो. जंगल आणि इमारती यांच्यात आता फारसं अंतर उरलेलं नाही. त्यामुळे उंदीर-घुशींच्या मागावर निघालेला अजगर वस्तीत येतो आणि सर्पमित्राला फोन जातो. दुसरा अजगर दूरचा, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. त्याला बॉल पायथन म्हणतात, कारण घाबरला की डोकं आत घेऊन तो चेंडूसारखं वेटोळं करतो. चार-पाच फूट लांब, बिनविषारी आणि स्वभावाने शांत. तो आपल्याकडे विमानाने येतो, आणि पुष्कळदा चोरून. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात खाऊच्या पुड्यांमध्ये लपवलेले असे नऊ साप सापडले होते.

हा दुसरा अजगर काचेच्या पेटीत राहतो. त्याला पेटीत नेमकं काय लागतं, असा प्रश्न आठवी-नववीतली मुलं हटकून विचारतात. उत्तर चार ओळींत देता येईल. पण त्या चार ओळी माणसाच्या हाती लागायला शंभराहून जास्त वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात असंख्य साप पेट्यांमध्ये मेले. म्हणून आधी तो इतिहास पाहू.

सापाचं आपल्याला माहीत असलेलं सर्वांत जुनं कोंडवाडं म्हणजे गारुड्याची टोपली. ती साप दाखवण्यासाठी होती, जगवण्यासाठी नव्हती. नागाचे दात काढलेले असत, कधी तोंडही शिवलेलं असे. असा नाग काही आठवड्यांत मरे आणि गारुडी दुसरा धरून आणी. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीसाठी धरलेले नाग मडक्यांत ठेवत. या प्रथेवर पुढे २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्बंध घातले. मडकं हे मात्र सापासाठी वाटतं तितकं वाईट घर नाही. आत काळोख असतो, अंग सगळीकडून टेकतं आणि सच्छिद्र मातीमुळे गारवा राहतो. १९७८ साली तमिळनाडूत इरुळा आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. तिनेही मडकीच वापरली. फरक एवढाच की तिथे साप मोजके आठवडे ठेवून, विष काढून, पुन्हा रानात सोडतात.

कोंडलेल्या सापाचे हाल लवकर कळत नाहीत, ही यातली खरी अडचण. मांजर उपाशी राहिलं तर घर डोक्यावर घेतं. साप ओरडत नाही, चेहऱ्यावर काही दाखवत नाही आणि महिनोन् महिने न खाता जगू शकतो. मरेपर्यंत तो 'शांत' दिसतो!

१८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सर्पगृह उघडलं. काचेच्या पेट्या आणि उबदार खोली अशी तिथली व्यवस्था. साप थंड रक्ताचा, म्हणून त्याला बाहेरून ऊब द्यायची, इतकं ज्ञान तेव्हा होतं. पण 'थंड रक्ताचा' हा शब्द फसवा आहे. आमच्या मते पाठ्यपुस्तकांतून तो काढून टाकला तर बरं. उन्हात पहुडलेल्या सापाचं रक्त आपल्याइतकंच गरम असू शकतं. तो आपली उष्णता स्वतः फारशी तयार करत नाही, बाहेरून मिळवतो, एवढाच फरक.

आणि यालाही अपवाद आहे. तो नेमका आपल्या अजगराच्या कुळात सापडला. १८३० च्या दशकात लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने सांगितलं की भारतात अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून ती उबवते, आणि त्या वेळी तिचं अंग गरम लागतं. पॅरिसच्या विद्वानांना ते पटलं नाही. साप कोंबडीसारखा अंडी उबवतो म्हणे! पण १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका अजगर मादीने अंडी घातली आणि ती त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसली. व्हालांसियेन या प्राणिशास्त्रज्ञाने वेटोळ्यांमध्ये तापमापक खुपसून पाहिला. मादीचं अंग भोवतालच्या हवेपेक्षा स्पष्टपणे गरम होतं. ही ऊब येते कुठून, याचं उत्तर १९६६ साली मिळालं. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात हचिसन, डाउलिंग आणि व्हिनेगर यांनी अंडी उबवणाऱ्या एका मादीचं तापमान आणि श्वासातला प्राणवायू मोजला. भोवतालचं तापमान ३३ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की तिचे स्नायू ठरावीक वेळाने आकसत, प्राणवायूचा वापर वाढे आणि शरीर तापे. थोडक्यात, ती कुडकुडून ऊब निर्माण करत होती. (ही मादी ब्रह्मी अजगराची होती. तेव्हा तो भारतीय अजगराचाच उपप्रकार मानला जाई, २००९ पासून तो वेगळी जाती समजला जातो.) बॉल पायथनची मादीही अंड्यांना वेटोळं घालते, पण ती अशी कुडकुडत नाही. वेटोळ्यामुळे अंडी सुकत नाहीत, हा तिथे मोठा लाभ. म्हणून एका अजगराला मानवलेली पेटी दुसऱ्याला मानवेलच असं नाही.

पेट्यांच्या इतिहासात आम्हांला सर्वांत मोलाचं वाटतं ते जोन प्रॉक्टर या बाईंचं काम. त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागप्रमुख होत्या. प्रकृती लहानपणापासून नाजूक, १९३१ मध्ये अवघ्या ३४ व्या वर्षी त्या गेल्या. १९२७ साली तिथे उघडलेल्या नव्या सर्पगृहाच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. सगळी इमारत एकसारखी तापवण्याऐवजी तिथे वेगवेगळ्या भागांना विजेने वेगवेगळी ऊब दिली, आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच वापरली. सर्वांना एकच तापमान नको, हा विचार तिथे विटा-काचेत उतरला.

त्याला शास्त्रीय पाया मिळाला १९४४ मध्ये. कोल्स आणि बोगर्ट या अमेरिकन संशोधकांनी वाळवंटातल्या सरड्या-सापांची तापमानं घेतली. हे प्राणी दिवसभर उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जात आपलं तापमान एका अरुंद पट्ट्यात राखतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे सापाला ऊब हवी असते, तशीच ऊब सोडून जाण्याची सोयही हवी असते. खाल्ल्यावर तो उबेकडे जातो, कारण थंड पोटात पचन मंदावतं. फारच थंडी असेल तर उंदीर पोटातच कुजतो आणि साप तो ओकून टाकतो. एरवी तो गार कोपरा धरतो. पेटीत एकच तापमान असेल, तर साप ते सोसण्यापलीकडे काहीही करू शकत नाही. स्वित्झर्लंडमधले प्राणिसंग्रहालयांचे संचालक हायनी हेडिगर याच सुमारास सांगत होते की प्राण्याला जागा किती दिली यापेक्षा कशी दिली ते पाहा.

आपल्याकडे या प्रश्नाला वेगळी धार होती. परळच्या हाफकिन संस्थेत सर्पदंशावरची लस करण्यासाठी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष लागे. साप जितके लवकर मरतील तितके नवे धरावे लागणार. तिथल्या डॉ. पी. जे. देवरसांनी सर्पशाळेतल्या विषाच्या उत्पन्नाच्या नोंदी १९६३ मध्ये प्रसिद्ध केल्या. १९६५ मध्ये त्यांचं भारतीय सापांवरचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने काढलं. लोकांनी साप पाहावेत, भिऊ नयेत, म्हणून रॉम्युलस व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये मद्रासजवळ सर्पोद्यान सुरू केलं. पुण्याला नीलिमकुमार खैरे १९८० साली ७२ सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले आणि १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं.

आता त्या चार ओळी. बॉल पायथन मूळचा उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहणारा, रात्री बाहेर पडणारा. त्याला पेटीची एक बाजू ३२ अंशांच्या आसपास उबदार हवी आणि दुसरी २६-२७ अंशांची. दोन्ही बाजूंना अंग घासेल इतकी अरुंद लपण हवी, नाहीतर भीती आणि ऊब यांपैकी एकच त्याला निवडावं लागतं. बसता येईल असं पाण्याचं भांडं, घट्ट झाकण, आणि तापवणाऱ्या पट्टीला थर्मोस्टॅट हवाच, कारण पोटाखालचा चटका लक्षात येऊन साप वेळीच सरकेल याचा भरवसा नाही.

परदेशी पुस्तकं ऊब आणि दमटपणा वाढवण्यावर भर देतात. ती थंड देशांतल्या कोरड्या खोल्यांसाठी लिहिलेली आहेत. कात नीट निघायला दमटपणा लागतो हे खरं. पण भाईंदरच्या खाडीकाठी पावसाळ्यात तो आयताच, आणि गरजेपेक्षा जास्त मिळतो. अशा हवेत बंद पेटीचा तळ ओला राहतो, पोटाचे खवले सडतात, श्वासाचे रोग होतात. तिथे वारा खेळता ठेवणं महत्त्वाचं. आणि वरच्या मजल्यावरच्या बंद घरात मे महिन्यात सापाला ऊब कशी द्यावी हा प्रश्नच नसतो, गारवा कुठून आणावा हा असतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो घरात ठेवणं गुन्हा आहे. बॉल पायथन २०२२ च्या दुरुस्तीनंतर चौथ्या अनुसूचीत येतो, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली, साप दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावं लागतं. कागद नसलेला साप स्वस्त मिळतो तो कुठल्या पुड्यातून आलेला असतो, हे वर आलंच आहे. आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका बॉल पायथन मादीने २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचं वय किमान ६२ वर्षं होतं. नववीतल्या मुलाने आणलेला साप त्याच्या निवृत्तीपर्यंत सोबत राहू शकतो.

साप न आणता वर्गात करण्यासारखा एक प्रयोग आहे. हातभर लांबीची पुठ्ठ्याची रिकामी पेटी घ्या. एका टोकाला, पुठ्ठ्याला टेकणार नाही असा, ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा टांगा. दोन्ही टोकांना एकेक तापमापक ठेवा आणि दर दहा मिनिटांनी नोंद करा. दोन टोकांत किती अंशांचा फरक पडतो? निम्मं झाकण लावल्यावर किती उरतो? पेटी अर्धी लहान केली तर? शिक्षक समोर असतानाच दिवा चालू ठेवा. हाच प्रयोग एकदा जानेवारीच्या सकाळी आणि एकदा शाळा सुटण्याआधी एप्रिलच्या दुपारी करा. एप्रिलमध्ये दिवा न लावताही मोजून पाहा, पेटीत सव्वीस अंशांचा एखादा कोपरा शिल्लक राहतो का ते.