चौसष्ट काय?

आयुष्याला वळण लावणाऱ्या गोष्टी फार मोठ्या असाव्या लागतात, अशी एक समजूत आहे. कुणाला गुरू भेटतो, कुणाला लॉटरी लागते, कुणाचं नुसतंच लग्न होतं. माझ्या वाट्याला आला तो पाउंडल! हल्लीच्या मुलांना पाउंडल म्हणजे काय ते ठाऊक नसतं. सुखी आहेत लेकाची.

आमची पिढी वाढली तीच मुळी दोन मापांच्या सांध्यावर. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि १९६२पर्यंत शेर-मणांना कायद्यानं निरोप मिळाला. निरोप मिळाला म्हणजे ते गेले असं नव्हे. आई शेरात मागायची, वाणी किलोत तोलायचा, आणि सोनार दोघांकडेही काणाडोळा करून गुंजा मोजायचा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. अशा घरातून मी १९६३ साली इंटर सायन्सच्या वर्गात जाऊन बसलो, तर तिथे आणखी तीन घराणी! फूट-पाउंड-सेकंदवाले, सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंदवाले आणि मीटर-किलोग्रॅम-सेकंदवाले. प्रत्येकाचं बल मोजायचं एकक वेगळं. पहिल्यांचा पाउंडल, दुसऱ्यांचा डाईन, तिसऱ्यांचा न्यूटन.

यातला डाईन हा अगदी चिमुकला जीव. १८७३ साली ब्रिटिश असोसिएशनच्या समितीनं त्याला पुढे आणलं. एक गुंज तळहातावर ठेवलीत, तर तळहातावर सुमारे ११९ डाईनचा भार पडतो. एक लाख डाईन एकत्र आले की एक न्यूटन होतो, आणि एवढं करून त्याचा जोर किती, तर शंभर ग्रॅम साखरेची पुडी कशीबशी तोलून धरण्याइतका. न्यूटनचं नाव या एककाला अधिकृतपणे मिळालं ते १९४८ साली, म्हणजे स्वतः न्यूटनसाहेब जाऊन सव्वादोनशे वर्षं होत आल्यावर. आमच्याकडच्या पेन्शनीसुद्धा याहून लवकर मंजूर होतात.

राहता राहिला पाउंडल. याची जन्मकथा जरा गुंतागुंतीची आहे. इंग्रजांनी ‘पाउंड’ हा एकच शब्द वस्तुमानालाही वापरला आणि वजनालाही. पण वजन पडलं पृथ्वीच्या ओढीवर अवलंबून, आणि ती ओढ सगळीकडे सारखी नसते. तोच पाउंडभर लोखंडाचा तुकडा मुंबईपेक्षा लंडनला किंचित जास्त ओढला जातो. (इंग्रजांच्या राज्यात लंडनचं वजन जास्त असायचंच, पण इथे शास्त्राचाही दुजोरा आहे!) म्हणून जागेप्रमाणे न बदलणारं बलाचं एकक हवं, तो पाउंडल. एका पाउंडाच्या वजनात साधारण बत्तीस पाउंडल बसतात. म्हणजे एक पाउंडल अर्ध्या औंसाच्या वजनाइतका. आपल्या हिशेबात सव्वा तोळ्याचा दागिना. डाईनमध्ये मोजाल तर तेरा हजार आठशे पंचवीस.

हे सगळं आज मी घडाघडा सांगतो. त्या वर्षीच्या सहामाहीत प्रश्न आला होता : दोन पाउंडांचा दगड दोरीला टांगला आहे, दोरीतला ताण किती? मी दोनाला बत्तिसानं गुणलं, ठसठशीत अक्षरात ‘६४’ लिहिलं आणि खाली दुहेरी रेघ मारली. पेपर परत आला तेव्हा समासात लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं : “चौसष्ट काय? आंबे?” शेजारी एक सुरेख भोपळा.

मी सरांकडे गेलो. म्हटलं, “सर, उत्तर बरोबर आहे. फक्त ‘पाउंडल’ लिहायचं राहिलं.”

“तेच तर उत्तर होतं,” सर म्हणाले. “ते पाउंड समजून कुणी दोरी आणली, तर बत्तीसपट जाडीची आणील. एकक नाही, तर गुण नाही.”

ते दोन गुण गेले आणि नेमक्या दोन गुणांनी माझी फीमाफी हुकली. आईनं एक बांगडी सोनाराकडे गहाण टाकली. सव्वा तोळ्याची. ती पुढे सुटली नाही. सरांवरचा राग मात्र मी छत्तीस वर्षं जपला. राग जपायला फी पडत नाही.

मग आलं १९९९. नासानं आदल्या डिसेंबरात मंगळाकडे एक यान सोडलं होतं. वाटेत तोल सावरायला ते अधूनमधून आपली चिमुकली इंजिनं फुर्र करायचं. त्या बारीकशा धक्क्यांचा हिशेब पृथ्वीवर ठेवला जाई, आणि त्या हिशेबाचं नावच ‘स्मॉल फोर्सेस’, म्हणजे लहानसहान बलं. यान बांधणाऱ्या कंपनीच्या संगणकातून आकडे निघत ते पाउंड-सेकंदांत; वाट ठरवणारे ते वाचत न्यूटन-सेकंदांत. एका पाउंडाच्या बलात जवळजवळ साडेचार न्यूटन. प्रत्येक धक्का खऱ्याच्या साडेचारपट कमी धरला गेला. नऊ महिने हे असं साठत गेलं आणि २३ सप्टेंबरला सव्वादोनशे किलोमीटर उंचीवरून जायचं यान मंगळाच्या वातावरणात फार खोल शिरलं. पुन्हा आवाज नाही. कोट्यवधी डॉलर्स गेले.

मी ते कात्रण कापलं आणि सरांचं घर शोधत गेलो. सर थकले होते. दिसत कमी होतं, म्हणून मीच वाचून दाखवायला लागलो. वाचता वाचता म्हणालो, “सर, शेवटी ते सत्तावन्नवरून गेलं!”

“सत्तावन्न काय?” सर ताठ बसले. “मैल की किलोमीटर?”

“किलोमीटर, सर.”

“हं.” सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या सहामाहीत तुझी फीमाफी गेली, हे मला मागाहून कळलं. गुण वाढवता आले असते. वाढवले नाहीत.” त्यांनी उशाखालून पेन्सिल काढली, लालच होती, आणि चाचपडत कात्रणाच्या कोपऱ्यावर ‘२’ लिहिले.

मी विचारलं, “दोन काय, सर?”

सर हसले. कात्रण माझ्या हातून परत घेतलं आणि पुढे लिहिलं : ‘गुण’.

ते कात्रण मी घरी आईच्या बांगड्यांच्या डबीत ठेवलंय. डबीत जागा होतीच.